शाबासकी कशाला द्यावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला आज बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणाले. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. जन्म गेला पाढे आणि बाराखडी घोकून घेण्यात. पण त्या म्हणाल्या, "बाई, रांगोळ्यांचे परीक्षण करताना तुम्ही जे स्वतःशी पुटपुटत होतात, तेच आम्हांला मोठ्याने सांगा." तेव्हा आज नवे असे काही नाही, ते पुटपुटणेच जरा सविस्तर सांगणार आहे.

मी पुटपुटत होते ते असे : 'यंदाही मोरच!' अंगणातल्या एकवीस रांगोळ्यांपैकी नऊ मोर होते. पिसारा उजवीकडे, मान डावीकडे, चोचीत फुलांची माळ. रेघ सुरेख, रंग नेटके. नावे ठेवायला जागा नाही. पण नऊ मोर एकदम आले कोठून? मग आठवले की गेल्या वर्षी पहिले बक्षीस मोराला मिळाले होते. आणि ते देणारी परीक्षक मीच होते. तेव्हा मोर काढणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता.

आता दुसरे एक चित्र सांगते. तुम्ही मनातल्या मनात रेघा ओढा. दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, भोवती किरणांच्या रेघा. डोंगरातून निघून खाली रुंद होत आलेली नदी. काठाला झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड, आणि वर दोन कमानींचे उडते पक्षी. हसलात ना? आपण साऱ्याजणींनी हे चित्र काढले आहे. कोकणातली मुलगी हेच काढते, आणि जिने नारळाचे झाड अंगणात कधी पाहिले नाही अशी विदर्भातली मुलगीही हेच काढते. हे कोणत्या धड्यात होते? कोठेच नव्हते. आम्ही शिक्षकांनी ते शिकविले, दहापैकी नऊ गुण देऊन.

या चित्रापायी माझ्या घरात काय घडले, तेही सांगते. माझी थोरली मुलगी पहिलीत असताना तिने एक कागद काळ्या खडूने पार भरून टाकला. कोपऱ्यात एवढासा पिवळा ठिपका. मी विचारले, "हे काय ग?" ती म्हणाली, "दिवे गेलेत. आजी मेणबत्ती घेऊन येतेय." भगिनींनो, आज ते चित्र मला कोणी दिले तर मी चौकटीत घालून लावीन. त्या दिवशी मी म्हणाले, "सबंध खडू संपवलास! नीट चित्र काढ बघू." तिने डोंगर, सूर्य, नदी काढली. मी म्हणाले, "शाबास!" आणि ते चित्र भिंतीवर लावले. पुढे शाळा संपेपर्यंत ती डोंगरच काढीत राहिली. आज तिने चाळिशी ओलांडली आहे, चांगल्या हुद्द्यावर आहे. मध्यंतरी तिची मुलगी तिला म्हणाली, "आई, चित्र काढून दे ना." तर ही हसत म्हणते, "मला चित्रं येत नाहीत ग. डोंगर तेवढे येतात." तिला हसू आले, मला आले नाही.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जाईना. शाबासकीने माणूस घडतो हे आम्ही शिक्षक म्हणतोच. पण शाबासकीने माणूस एका जागी खिळूनही बसतो काय? या बाबतीत जे वाचावयास मिळाले, त्यातले मला उमगलेले सांगते.

मूळ नियम जुना आहे. १८९८ साली अमेरिकेत थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना लाकडी फळ्यांच्या पेटीत कोंडले. दार उघडण्याची युक्ती आत असे, एखादी दोरीची फासळी ओढायची किंवा खुंटी दाबायची. मांजर प्रथम ओरबाडे, चावे, फटीतून अंग घाली. त्या धडपडीत कधीतरी फासळी ओढली जाई, दार उघडे, बाहेर खाऊ मिळे. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर निरुपयोगी हालचाली गळून गेल्या आणि फासळी ओढणे तेवढे उरले. पुढे स्किनर या शास्त्रज्ञाने याच गोष्टीचा फार बारकाईने अभ्यास केला. ज्या कृतीमागून हवेसे फळ येते ती कृती बळावते, याला मराठी पुस्तकांत 'प्रबलन' म्हणतात. आपण शाबासकी म्हणू. खताप्रमाणेच तिचे आहे : ज्या रोपाला घालाल ते फोफावते.

पण 'बाकीचे गळून गेले' हे शब्द लक्षात ठेवा. १९५१ साली अँटोनायटिस नावाच्या संशोधकाने उंदरांवर एक साधा प्रयोग केला. भिंतीत पन्नास सेंटिमीटर लांबीची आडवी फट. उंदराने तीत कोठेही नाक खुपसले की त्याला खाणे मिळे. अमुकच ठिकाणी खुपस अशी अट मुळीच नव्हती. तरी खाणे मिळू लागल्यावर उंदीर हळूहळू ठरावीक जागीच नाक खुपसू लागले. मग खाणे बंद केले. तेव्हा तेच उंदीर पुन्हा इकडेतिकडे, साऱ्या फटीभर नाक खुपसू लागले.

हे आपल्याला नवीन नाही. गॅसचा लायटर रोज एका दाबात पेटतो तोवर आपण त्याच्याकडे पाहतही नाही. एके दिवशी पेटत नाही. मग आपण तो जोराने दाबतो, हळू दाबतो, उलटा धरतो, झटकतो, पदराने पुसतो. फळ मिळत असते तोवर वागणे एकसारखे, आणि फळ अडले की ते नाना परींचे होते. कोणी म्हणेल, मग नवे सुचण्यासाठी माणसाची अडवणूकच करावी की काय! शाबासकी म्हणजे तोचतोपणा आणि नवेपणा म्हणजे उपासमार, असे दोनच मार्ग आहेत काय?

या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते दूर हवाई बेटांवरच्या एका डॉल्फिनच्या गोष्टीत. तारकर्लीला किंवा हर्णैला होडीतून जाऊन तुमच्यापैकी काहींनी डॉल्फिन पाहिले असतील. हवाईत ओआहू बेटावर १९६४ साली 'सी लाइफ पार्क' नावाचे सागरी प्राणिसंग्रहालय उघडले. तेथे कॅरेन प्रायर ही बाई डॉल्फिनांना शिकविण्याचे काम पाही. शिकविण्याची रीत अशी : डॉल्फिनने हवी ती गोष्ट केली की त्या क्षणी शिट्टी वाजवायची आणि लगेच मासा द्यायचा. शिट्टी म्हणजे 'हेच, शाबास!'

मलिया नावाच्या डॉल्फिन मादीला घेऊन प्रेक्षकांसमोर खेळ चालत. शिकविणे कसे होते हे लोकांना प्रत्यक्ष दाखवावे म्हणून प्रत्येक खेळात मलियाची एखादी नवी हालचाल टिपून तिला मासा द्यायचे ठरले. आज शेपटी आपटली म्हणून मासा. उद्या शेपटी आपटून भागणार नाही, उद्या दुसरे काहीतरी. थोड्या दिवसांनी तिच्या नेहमीच्या साऱ्या हालचाली संपल्या. मलिया जुनेच करून दाखवी, शिट्टी वाजत नसे. आणि मग मलियाने जे केले त्याने शिकविणारेही चकित झाले. ती हवेत गिरकी घेऊ लागली, शेपटी पाण्याबाहेर धरून तरंगत जाऊ लागली, तळाशी घसरत जाऊ लागली. असले काही तिला कोणी शिकविलेले नव्हते.

हा योगायोग तर नव्हे, म्हणून त्यांनी दुसरी डॉल्फिन घेतली आणि या वेळी पद्धतशीर नोंदी ठेविल्या. तिचे नाव हाऊ. ही स्वभावाने गरीब आणि जरा मंद, आपण होऊन फारसे काही न करणारी म्हणून ओळखली जाई. वर्गात अशी एक मुलगी प्रत्येक वर्षी असते. बैठकी सुरू झाल्या. नियम एकच : पूर्वी ज्याला मासा मिळाला त्याला आता नाही, नव्यालाच मिळेल. हाऊ कितीतरी बैठका जुन्याच गोष्टी पुन्हा पुन्हा करीत राहिली. उसळी मार, उलटी हो, गोल फीर, पुन्हा उसळी. सुमारे पंधरा बैठका अशा गेल्या. आणि मग एका बैठकीत तिने एकामागून एक नव्या करामती केल्या. त्यानंतर ती थांबलीच नाही. अखेर तिच्या हालचाली इतक्या गुंतागुंतीच्या झाल्या की त्यांचे वर्णन कसे लिहावे हे पाहणाऱ्यांना कळेना. हा वृत्तांत प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला.

येथे मला माझे उत्तर मिळाले. शाबासकी माणसाला एका जागी खिळवते असे नाही. ती ज्या गोष्टीला मिळते ती गोष्ट वाढते, इतकेच. 'डोंगर' या गोष्टीला मिळाली तर डोंगर वाढतात. 'हे तू पूर्वी केले नव्हतेस' या गोष्टीला मिळाली तर नवेपणा वाढतो. नावीन्य ही काही देवाने कोणाला दिलेली आणि कोणाला न दिलेली देणगी नव्हे. तेही एक वागणे आहे, आणि तेही खत घातले तर वाढते.

तुम्ही म्हणाल, डॉल्फिन मुळातच हुशार. बरे, कबुतर घ्या. ज्यांच्यापायी आपण गॅलरीला जाळ्या लावतो, त्याच कबुतराची ही गोष्ट. अमेरिकेत ओरेगन राज्यात रीड कॉलेज आहे. तेथील ॲलन न्यूरिंगर आणि त्यांच्या सहकारी सुझन पेज यांनी १९८५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. कबुतरापुढे डावे आणि उजवे अशी दोन बटणे. एका खेपेला आठ वेळा चोच मारायची. डावे-उजवे मिळून असे २५६ वेगवेगळे क्रम होऊ शकतात. एका टप्प्याला अट इतकी कडक केली की मागच्या पन्नास खेपांत जो क्रम झाला असेल तो पुन्हा केला तर दाणा नाही. पन्नास क्रम आपल्याही ध्यानात राहायचे नाहीत. कबुतरांनी ते लक्षात ठेविलेच नाहीत. नाणे उडवावे तशी ती डावी-उजवी चोच मारू लागली आणि बहुतेक वेळा दाणे मिळवू लागली.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्याच कबुतरांना तितकेच दाणे, तितक्याच खेपांना दिले, पण आता क्रम कोणताही असला तरी चालेल असे ठेविले. वैविध्य लागलीच ओसरले. दाणे तेवढेच होते, पण ते वेगळेपणासाठी मिळेनासे झाले होते. आपण मुलांचे कौतुक कमी करतो असे नाही, भगिनींनो. हल्ली तर भरपूर करतो. पण ते कशासाठी करतो हे पाहतो काय?

आता माणसाच्या लेकरांकडे येऊ. कॅन्सस विद्यापीठाच्या बालवाडीत एलिझाबेथ गोट्झ आणि डोनाल्ड बेअर यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन लहान मुली लाकडी ठोकळ्यांनी खेळत. शिक्षिका शेजारी बसे. काही दिवस मुलीने त्या बैठकीत पूर्वी न केलेला आकार रचला, पूल म्हणा, कमान म्हणा, की शिक्षिका आनंदाने बोले : हा वेगळा आहे, छान आहे. मध्ये काही दिवस उलट केले, तोच आकार पुन्हा रचला तर कौतुक. कौतुक वेगळेपणाचे होते तेव्हा आकारांची विविधता वाढली, आणि त्या मुलींनी पूर्वी कधीच न रचलेले आकारही दिसू लागले. कौतुक तोचतोपणाचे झाले तेव्हा विविधता घटली. मुली त्याच, ठोकळे तेच, शिक्षिकाही तीच. फक्त तिचे वाक्य बदलले होते. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. तीस वर्षांत मी किती वाक्ये बोलले असेन!

आता दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी, नाहीतर घरी जाऊन तुम्ही माझ्या नावाने खडे फोडाल.

पहिली ही की सगळ्याच ठिकाणी नवेपणा नको. प्रेशर कुकरचे झाकण लावण्यात, औषधाच्या मात्रेत, रस्ता ओलांडण्यात नावीन्य दाखवू नये. सात साते एकोणपन्नासच. पण कोठे एकसारखे वागावे आणि कोठे वेगळे, हेही शिकता येते. त्याच प्रयोगमालेत कबुतरांना बटणांच्या रंगाची खूण दिली होती : एक रंग असेल तर क्रम बदलत राहा, दुसरा असेल तर ठरलेलाच क्रम कर. कबुतरे ते शिकली. मग शुद्धलेखनाच्या वहीत एक रीत आणि चित्रकलेच्या वहीत दुसरी, हे आपल्या मुलांना का कळणार नाही? आमची चूक ही की आम्ही दोन्ही वह्यांना एकच लाल पेन्सिल लावली.

दुसरी गोष्ट बक्षिसाच्या आमिषाची. अमेरिकेतच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत, पुन्हा १९७३ सालीच, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी तारा नि लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र देऊ. काहींना न सांगता अखेरीस दिले. काहींना दिलेच नाही. एकदोन आठवड्यांनी तेच रंग वर्गात मोकळे ठेविले. ज्यांना आधी आमिष दाखविले होते ती मुले त्या रंगांपाशी इतरांच्या मानाने निम्माच वेळ रमली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे जे मूल आपल्या आनंदाने करते आहे त्याला 'असे केलेस तर अमुक देईन' म्हणू नये. ते करून झाल्यावर मनापासून बोलावे.

असेच मोठ्यांचेही होते. बॅरी श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली दाखविले की दोन बटणांच्या एका खेळात पैसे मिळवीत गेलेले कॉलेजातले विद्यार्थी आपल्याला जमलेली एकच रीत धरून बसतात. पुढे 'या खेळाचा नियम शोधून काढा' म्हटले, तर अगदी नवख्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांनाच ते जड जाते. यश मिळालेला माणूस शोधावयाचे सोडतो. मोर काढून बक्षीस मिळविलेल्या भगिनींनी रागावू नये. डोंगराला नऊ गुण देणारी मीही त्यांतलीच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हाऊच्या त्या पहिल्या पंधरा बैठका आठवा. कालपर्यंत ज्याला मासा मिळत होता त्याला आज मिळत नाही, आणि का ते सांगणारे कोणी नाही. त्या मुक्या जिवाला किती गोंधळल्यासारखे झाले असेल! ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने या प्रयोगाविषयी लिहिताना एक गोष्ट नोंदविली आहे. शिकविणाऱ्या बाईला प्रयोगाचा नियम अनेकदा मोडावा लागला. हाऊने काही नवे केलेले नसतानाही तिला मासा द्यावा लागला, नाहीतर दोघींमधला विश्वासच तुटला असता.

तो न कमावलेला मासा माझ्या मनातून जात नाही. मूल नवे करू धजते ते केव्हा? फसले तरी आई आपलीच आहे, ही खात्री असते तेव्हा. ती खात्री गुणांवर मिळत नाही. काहीही न करता, शाळेतून येऊन दप्तर टाकले की जवळ घेतले जाते, तो न कमावलेला मासा. तो रोज द्यावा. आणि तो दिलेला असला म्हणजे मग नवेपणाची शाबासकी कामाला येते.

आता आपल्या मंडळापुरती एक सूचना करते. पुढील वर्षीची रांगोळी-स्पर्धा बंद करा असे मी म्हणत नाही. सुबक रेघेलाही मान हवाच. ती वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. पण नव्या रांगोळीसाठी वेगळे पाकीट मात्र नको. त्याऐवजी परीक्षकाने प्रत्येक रांगोळीपाशी थांबावे, आणि ही बाई गेल्या वर्षीपेक्षा काय वेगळे करू पाहते आहे, ते सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे. फसलेले असले तरी सांगावे. कॅन्ससच्या त्या शिक्षिकेने याहून अधिक काही केले नव्हते. आणि परीक्षक मी असेन तर मोराला मी यंदा नुसता नमस्कार करीन.

जाता जाता घरचे एक सांगते. गेल्या रविवारी नातीने चित्र काढले. लिफ्टमधून हत्ती उतरतो आहे आणि त्याची सोंड दारात अडकली आहे. हत्ती हिरवा. मुलगी म्हणू लागली, "अग, हत्ती कधी..." आणि माझ्याकडे पाहून थांबली. मग म्हणाली, "हे तू पूर्वी कधी काढलं नव्हतंस!" नात लगेच दुसरा कागद आणायला धावली.

तेव्हा मी मुलीला त्या काळ्या चित्राची आठवण करून दिली. दिवे गेल्याची, आजीच्या मेणबत्तीची. तिला ते मुळीच आठवत नव्हते. मला आठवते, आणि ते मलाच आठवावे हे योग्यच आहे. तुमच्या घरी असा एखादा काळा कागद अजून ताजा असेल, तर आज घरी गेल्यावर त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहा, आणि हे काय आहे, असे विचारा. उत्तर पुरते ऐकून घ्या, शाबासकी त्यानंतर द्या.